सोमवारच्या मीटिंगमधला पाचवा ‘का’

मला मीटिंगचा भयंकर राग होता. तसा मला राग सगळ्याचाच येतो, तो माझ्या नाकाच्या शेंड्यावर मुक्कामालाच असतो. पण मीटिंगचा जरा जास्त. फुटबॉल हा पायाने खेळायचा खेळ. दर सोमवारी सोळा-सतरा धडधाकट माणसांनी एका खोलीत बसून तो तोंडाने खेळायचा, हे माझ्या डोक्यात शिरायचंच नाही. आईच्या तर नाहीच नाही. सोमवारी सकाळी डबा भरताना ती विचारायची, “आज मॅच न्हाई, पराक्टिस न्हाई, मग यायला उशीर का?” मीटिंग आहे म्हटलं की म्हणायची, “बोलून बोलून गोल व्हत्यात व्हय रं?”

“न्हाई व्हत,” मी म्हणायचो. “पण सरांना कोण सांगणार?”

आमचं गाव चाकणपासून हाकेच्या अंतरावर. घरची शेती भाऊ बघतो आणि मी तिथल्याच एका कंपनीत क्वालिटीला. गाड्यांचे सुटे भाग बनतात, ते बरोबर बनलेत की नाही हे बघायचं माझं काम. त्याच्या जोडीला मी पगारी फुटबॉलपटू होतो. हे सांगितलं की लोक मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. व्यावसायिक फुटबॉल म्हणजे त्यांना टीव्हीवरचा आठवतो, हिरवंगार मैदान आणि रंगीत बूट. आमचाही व्यावसायिकच होता. करारावर सही, महिन्याचं मानधन, छातीवर एका ट्रान्सपोर्टवाल्या मालकाच्या धंद्याचं नाव, आणि हंगाम संपला की करार संपला. फरक इतकाच की आमच्यातले निम्मे जण शिफ्ट करून मग मैदानावर यायचे. कॅप्टनलासुद्धा सकाळी सातला कंपनीत कार्ड पंच करावंच लागायचं. कॅप्टन म्हणजे मी. बचावाच्या मधोमध उभा राहणारा स्टॉपर. वय चौतीस, गुडघे पन्नाशीचे.

ज्या हंगामाचं सांगतोय, तो माझा शेवटचा होता. हे मला, सरांना आणि माझ्या गुडघ्यांना चांगलं माहीत होतं. एकच मॅच उरली होती. ती बरोबरीत सुटली तरी आम्ही वरच्या गटात टिकणार होतो. हरलो तर खाली. आणि मालकांनी तोंडावर सांगितलं होतं, खाली गेलात तर टीम बंद. माझं काय, मी तसाही घरी बसणार होतो. पण मागे राहणारी पोरं कुठे जाणार? आठ वर्षं दंडावर कॅप्टनची पट्टी बांधली आणि शेवटी टीम बुडवून गेलो, असं माझ्या नावावर लागू द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मेलो तरी बेहत्तर.

आणि अशा वेळी आम्ही लागोपाठ तीन मॅच हरलो होतो. पाच गोल खाल्ले, त्यातले चार एकाच तऱ्हेचे. कडेवरून चेंडू उंच उडून यायचा, आमच्या गोलच्या अगदी तोंडाशी पडायचा, आणि त्यांचा कुणीतरी आरामात डोकं लावून जायचा. देवळात घंटा वाजवून जावी तसा.

मीटिंग व्हायची निगडीत. बस टर्मिनसपासून थोडं आत आमच्या कीपरच्या वडिलांचं गॅरेज होतं. खाली टेम्पो आणि गाड्या, वर पत्र्याची लांबोडकी खोली. मैदानावर बसायला जागा नव्हती म्हणून त्यांनी ती आपणहून दिलेली. एक जुना टीव्ही, एक पांढरा फळा, मिळतील तशा खुर्च्या. खाली ग्राइंडर सुरू झाला की वर सर बोलायचे थांबायचे. ग्राइंडर थांबला की वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचलायचे. सर मूळचे कोकणातले, आवाज कधी चढवायचे नाहीत. मला ते शांतपणच सोसायचं नाही.

मीटिंगची आमची एक रीत पडून गेली होती. सर टीव्हीवर गोल दाखवायचे. दाखवून झाला की विचारायचे, “काय झालं इथे?” आणि मी ताबडतोब हात वर करायचो. “माझी चूक, सर.”

संपला विषय. दोघे-तिघे “नाही भाऊ, तुमची नाही” म्हणायचे, लेफ्ट बॅक म्हणायचा “माझी पण होती”, मग मिडफिल्डवाला म्हणायचा “खरं तर माझीच”. चुकीचा प्रसाद सगळ्यांना वाटून व्हायचा. खालून चहा यायचा. आम्ही उठायचो.

ही सवय आम्ही कारखान्यातून उचलली होती. लाइनवर कुठे गडबड झाली आणि सुपरवायझर तावातावाने आला की जो जुना गडी असतो तो पुढे होतो. “साहेब, माझ्याकडून झालं.” साहेब दोन शब्द सुनावतो आणि जातो, लाइन परत चालू होते, नव्या पोराची कातडी वाचते. याला आम्ही अंगावर घेणं म्हणतो आणि अंगावर घेणाऱ्याला मान असतो. मी आठ वर्षं सगळे गोल अंगावर घेत आलो होतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत आलो होतो. काय कॅप्टन आहे बघा! कुणावर ढकलत नाही!

शेवटच्या मॅचच्या आधीचा सोमवार. मी चाकण चौकातल्या गर्दीत पाऊण तास घालवून तापलेल्या डोक्यानेच पोहोचलो. सरांनी नुकत्याच हरलेल्या मॅचमधला गोल लावला. तोच नमुना. कॉर्नर, उंच चेंडू, डोकं, जाळी.

“काय झालं इथे?”

“माझी चूक, सर.”

सरांनी टीव्ही बंद केला. “तू कंपनीत काय काम करतोस रे?”

“क्वालिटी.” सोळा जणांना माहीत होतं, सरांनाही माहीत होतं.

“समजा, तुमच्याकडून एक खराब पीस ग्राहकाकडे गेला. ग्राहक तुला रिपोर्ट मागतो. त्यात कारण म्हणून तू लिहिलंस, ‘ऑपरेटरची चूक’. मग?”

“रिपोर्ट परत येतो. तोंडावर फेकतात.” मला हसू आलं. “ते कारणच नाही धरत. चूक माणूस करणारच. ती करायला वाव कुणी ठेवला, ते सांगा म्हणतात. पाच वेळा ‘का’ विचारायचं. भोक मोठं का पडलं? टूल झिजलं होतं. टूल बदललं का नाही? किती पीस झाले ते कळलं नाही. का कळलं नाही? मोजायचं मशीन बंद होतं. असं मागे मागे जात राहायचं. चौथ्या-पाचव्या ‘का’ला घोडं कुठे पेंड खातंय ते सापडतं.”

“बरं,” सर म्हणाले. “मग दर सोमवारी तू मला ‘ऑपरेटरची चूक’ लिहून देतोस आणि मी तो रिपोर्ट घेतो. आपण दोघेही गाढव आहोत. आजपासून मी घेणार नाही. हा मार्कर.”

माझे कान गरम झाले. पण खरं सांगू? मनातून मला आनंदही झाला. कारण त्या गोलची खरी चूक लेफ्ट बॅकची होती याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पोरगा मराठवाड्यातून आलेला, आळंदीत खोली घेऊन राहायचा, पळायला हरिण, पण त्याची कडेची बाजू कायम उघडी. आता आपण पद्धतशीर, फळ्यावर, पायरीपायरीने त्याच्यापर्यंत जाऊ, आणि कुणी म्हणणार नाही की कॅप्टनने ढकललं. ‘का’च त्याला धरून आणेल. मी मार्कर घेऊन उभा राहिलो. कॅप्टनच्या थाटात नाही, क्वालिटीच्या साहेबाच्या थाटात.

“गोल का झाला?” मी लिहिलं. “त्यांच्या नऊ नंबरने मोकळं डोकं लावलं म्हणून. मोकळा का होता?” मी लेफ्ट बॅककडे बघितलं.

“माझ्याकडं बघून काय उपयोग भाऊ?” तो म्हणाला. “मी गोलच्या दुसऱ्या पोस्टला होतो. सरांनी तिथंच उभं केलंय मला. टीव्ही लावा परत, तिथंच उभारायलोय बघा.”

सरांनी टीव्ही लावला. पठ्ठ्या खरंच तिथेच होता. मी पहिल्या पोस्टला होतो, जिथे मी असायला हवं तिथे. दोघांच्या मधे, गोलपासून तीन-चार पावलांवर, नऊ नंबर एकटा उडी मारत होता.

“मग मधल्या जागेत कुणी का नव्हतं?” आता मी जरा सावकाश लिहीत होतो.

“ती जागा कीपरची,” कुणीतरी म्हणालं. बरोबर होतं. इतक्या जवळ पडणारा उंच चेंडू हाताने काढायचा असतो. कीपरने ‘माझा!’ म्हणून ओरडत यायचं आणि वरच्यावर उचलायचा. फुटबॉलची बाराखडी आहे ही.

“कीपर का आला नाही?” हा झाला चौथा.

कीपर कोपऱ्यात बसला होता. बावीस वर्षांचा, हात असे लांब की उभा राहिला की बोटं गुडघ्याला टेकतील असं वाटायचं. तो हातमोज्याची पट्टी चिकटवत होता आणि काढत होता. चरचर, चरचर.

“गोलची लाइन सोडायची नाही, असं सांगितलंय,” तो म्हणाला.

सरांनी मान वर केली. “मी कधी सांगितलं?”

“तुम्ही नाही, सर.”

“मग कुणी सांगितलं?” मीच विचारलं. मार्कर फळ्याला टेकवून, पाचवा ‘का’ लिहायला तयार. इतका मी गाफील होतो.

खाली ग्राइंडर सुरू झाला. तो थांबला. मग कीपर माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुम्ही, भाऊ.”

“मी? मी कधी रे?” माझा आवाज लगेच चढला. सवयच ती. “उगाच काहीतरी बोलू नकोस.”

“दुसरी मॅच,” तो म्हणाला. “मी ‘माझा’ म्हणून बाहेर आलो. तुम्ही पण उडी मारली. धडकलो आपण. गोल झाला. तुम्ही उठून म्हणालात, ‘कुणी बोलावलं होतं तुला बाहेर? गोलात मर तिथेच. परत लाइन सोडलीस तर तंगडी तोडीन.’”

तो हे तक्रारीसारखं नाही, पाठ केलेल्या धड्यासारखं म्हणाला. म्हणूनच मला ते खोटं म्हणता येईना. माझेच शब्द. ‘तंगडी तोडीन’ आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे.

“त्याचे अब्बा आले होते त्या दिवशी,” लेफ्ट बॅक म्हणाला. “गॅरेज बंद करून. पहिल्यांदाच.”

आयला. मला काहीच आठवत नव्हतं! म्हणजे धडक आठवत होती. त्यानंतरच्या सोमवारी मी ऐटीत “माझी चूक, मी धडकलो” म्हटलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तेही आठवत होतं. पण त्या तीन वाक्यांचं मी काय केलं होतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला, आणि विसरून गेलो. तो विसरला नव्हता. कॅप्टनने सांगितलं म्हणून अख्खा हंगाम तो लाइनला खिळून उभा राहिला होता. आणि मी दर सोमवारी नको त्या चुका अंगावर घेत होतो, ही सोडून.

मी मार्कर टेबलावर टाकला आणि जिना उतरलो. पळालो म्हणा. गाडीची चावी हातात होती.

खाली त्याचे वडील एका टेम्पोच्या पुढे वाकले होते. मला बघून सरळ झाले, हात फडक्याला पुसले. “संपली इतक्यात?”

“नाही,” मी म्हणालो. “पाणी प्यायला आलो.”

त्यांनी माठातून तांब्या भरून दिला. मी पिताना ते म्हणाले, “कॅप्टनसाहेब, एक विचारू का? आमचा पोरगा हंगामाच्या सुरुवातीला घरी आला की मॅचची इतकी बडबड करायचा की त्याची अम्मी म्हणायची, जेव आधी. आता विचारलं तर ‘ठीक’ म्हणतो. बस, ठीक. काही झालंय का?”

त्यांना माहीत होतं. ते त्या दिवशी तिथे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी त्या माणसाने मला विचारलं ते असं, की सांगायची इज्जत माझ्याकडे राहावी. मला लाज वाटली. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, “झालंय. माझ्यामुळे झालंय. निस्तरून येतो.” आणि परत जिना चढलो. आठ वर्षांत एवढा जड जिना मी चढलो नव्हतो.

वर सगळे होते तसे बसले होते. मी फळ्यावर पाचवा ‘का’ लिहिला आणि त्यापुढे लिहिलं, ‘कॅप्टनने सगळ्यांसमोर झापलं’. अक्षर वाकडं आलं. मग कीपरकडे तोंड करून म्हणालो, “चुकलो. अब्बांच्या समोर बोललो, ते तर फारच चुकलो.” आणि लगेच, कारण मला मोठेपणाची खाज होतीच, सरांना म्हणालो, “रविवारी मी बाहेर बसतो. दुसऱ्या कुणाला तरी खेळवा.”

“परत तेच,” कीपर म्हणाला. पहिल्यांदाच तो माझ्या डोळ्यात बघत होता. “परत अंगावर घेताय. तुम्ही बाहेर बसून काय दुरुस्त होणार? तुम्हीच सांगता ना कंपनीतलं, मशीन बंद ठेवलं की रिजेक्शन शून्यच येतं. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.”

सगळी खोली हसली. लेफ्ट बॅक तर खुर्चीवरून पडायचा राहिला. मीही हसलो, काय करणार? जाळ्यात सापडलो होतो, आणि जाळं माझंच विणलेलं.

“मग काय करू, बोल,” मी म्हणालो.

त्याने सांगितलं. साधं होतं. तो ‘माझा!’ ओरडला की मी ‘तुझा!’ म्हणून ओरडायचं आणि वाटेतून हटायचं. उडी मारायची नाही. मधे यायचं नाही. आणि चुकला तर मॅचमध्ये एक शब्द बोलायचा नाही. “सोमवारी बोला काय ते.”

“बोलीन,” मी म्हणालो. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की सोमवार कशासाठी असतो. मैदानात तोंड आवरायचं असेल तर ते उघडायला कुठेतरी जागा लागते.

सांगायला सोपं होतं. पण पंधरा वर्षं जो माणूस हवेतला प्रत्येक चेंडू स्वतःच्या बापाचा समजत आला, त्याला ‘तुझा’ म्हणायला शिकवून बघा! मंगळवारी सरांनी कॉर्नरमागून कॉर्नर मारायला लावले. कीपर ओरडला की माझे पाय आपोआप जमीन सोडायचे. पहिल्या दहातल्या सात वेळा मी त्याच्या अंगावर गेलो. तो पडायचा, उठायचा, म्हणायचा, “परत.” बुधवारी सुट्टी होती, तरी आम्ही दोघांनीच केलं. गुरुवारी माझे पाय दोनदा सुटले, शुक्रवारी एकदाच. मी ठरवलंच होतं. चौतिसाव्या वर्षी नवीन काही शिकता येत नाही म्हणणारे बरेच होते, त्यांना मी रविवारी दाखवणार होतो. चाकण चौकात सिग्नलला थांबलो की हेल्मेटच्या आत ‘तुझा, तुझा’ म्हणायचो. शेजारचा रिक्षावाला बघायचा. शनिवारी घरी जेवताना भावाने भाकरीकडे हात नेला आणि मी मोठ्याने म्हणालो, “तुझा!” आई म्हणाली, “ह्याला सोमवारच्या मीटिंगनं याड लावलं.”

रविवार आला. बुटांखाली माती निसरडी होती, आदल्या दिवशी कुणीतरी मैदानाला जरा जास्तच पाणी मारलं होतं. कीपरचे वडील गॅरेजला कुलूप लावून आले होते आणि गोलच्या मागे उभे होते. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी कपाळाशी हात नेऊन सलाम केला.

पहिल्या अर्ध्यात लेफ्ट बॅकने कडेवरून पळत जाऊन असा चेंडू दिला की आमच्या पुढच्या पोराला फक्त पाय लावायचं काम उरलं. एक-शून्य. ज्याला मी फळ्यावर पकडायला निघालो होतो, तो हाच.

दुसऱ्या अर्ध्यात त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उडाला, मधल्या जागेत आला. मागून आवाज आला, “माझा!” मी ओरडलो, “तुझा!” आणि हटलो. सगळं फळ्यावर ठरल्यासारखं झालं. फक्त चेंडू ओल्या हातमोज्यातून निसटला, जमिनीवर पडला, आणि त्यांच्या नऊ नंबरने तो आत ढकलला.

एक-एक.

त्यांची टीम नाचत होती. आमचे दहा जण जागच्या जागी उभे होते, आणि एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. कुणी कीपरकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तोही. गुडघ्यावर बसलेला, हात पसरलेले, डोळे माझ्या तोंडाकडे. गोलच्या मागे त्याचे वडील जाळी धरून उभे होते.

आणि माझ्या तोंडात आलं होतं हो! खोटं कशाला सांगू? ‘तंगडी’पर्यंत आलं होतं. आठ वर्षांची टीम, शेवटची मॅच, हातातला चेंडू सोडला या पोराने! राग घशात नुसता उकळत होता. मी तो गिळला. औषधाची कडू गोळी पाण्याशिवाय गिळावी तसा गिळला, आणि त्याच्याकडे चालत गेलो. हात दिला, उठवलं.

“बरोबर आलास,” मी म्हणालो. “परत ये.”

“निसटला, भाऊ.”

“ते सोमवारी. आता परत ये.”

मी हे त्याच्या वडिलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो. तेवढं तरी त्यांचं देणं होतं.

त्यानंतर वीस मिनिटं त्यांनी आम्हाला घाम फोडला. बरोबरी आम्हाला पुरत होती, त्यांना जिंकायचंच होतं. माझे गुडघे कधीच बोलायचे बंद झाले होते, आता ते नुसते रडत होते. मी त्यांना म्हटलं, रडा, पण पळा. आणि पंच घड्याळ बघत असताना त्यांना शेवटचा कॉर्नर मिळाला. त्यांचा कीपरसुद्धा आमच्या गोलसमोर आला. एवढ्याशा जागेत माणसांची ही दाटी.

चेंडू उडाला. उंच, वळत, अगदी त्या मधल्या जागेत, जिथे अख्खा हंगाम कुणी नव्हतं. तो माझ्या डोक्यावर येत होता. खरंच सांगतो, माझा होता तो. मला पोहोचता आलं असतं. आणि मागे जो उभा होता त्याच्या हातातून वीस मिनिटांपूर्वीच एक सुटला होता. कुठल्याही कीपरने अशा वेळी लाइनवर राहणंच पसंत केलं असतं, आणि कुणी त्याला बोललंही नसतं.

“माझा!”

असा ओरडला की निगडीपर्यंत ऐकू जावं.

“तुझा!” मी ओरडलो आणि खाली वाकलो. वाकलो म्हणजे हात-पाय आखडून सरळ जमिनीवरच बसलो, कारण उभा राहिलो असतो तर पाय सुटले असते, याची मला खात्री होती. डोळे मिटले. माझ्या पाठीवरून कुणाचा तरी गुडघा गेला. धडाधड माणसं पडली. आणि त्या सगळ्या गोंधळात एक आवाज मला वेगळा ऐकू आला. ‘थप्’. ओल्या चामड्यावर दोन्ही हात एकदम पडल्याचा.

मी डोळे उघडले. तो उभा होता, चेंडू छातीशी घट्ट, आणि मी अजून चिखलात तसाच बसलेलो, गावाकडच्या म्हशीसारखा. त्याने माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांचा पोरगा, मला अख्खा हंगाम ‘भाऊ, तुम्ही’ म्हणणारा. सगळ्यांसमोर, आपल्या बापासमोर, तो माझ्यावर बेंबीच्या देठापासून ओरडला, “बसलास काय? ऊठ! सगळ्यांना बाहेर काढ! पळ!”

मी उठलो आणि जीव तोडून पळालो.